राखीव मंडळी

वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचावयाची आमची सवय शाळकरी वयातली आहे. पहिल्या पानावर जे घडलेले असते ते दिवसभरात कोणी ना कोणी, आपली इच्छा असो वा नसो, आपल्या कानांवर घालतेच. शेवटचे पान मात्र ज्याचे त्याने वाचावे लागते. त्या पानावरही आमची दृष्टी शतकवीराच्या छायाचित्रावर प्रथम जात नाही. संघातील नावे जेथे संपतात तेथे कधी कधी एक बारीक ओळ असते. 'राखीव' असा शब्द आणि त्यापुढे दोन-तीन नावे. ती ओळ वाचून झाल्याखेरीज आम्हांस सकाळचा चहा गोड लागत नाही. या विलक्षण आवडीचे कारण पुढे ओघाने येईलच. ते सांगावे की सांगू नये, याविषयी लेखणी हाती घेईपर्यंत आमचा निश्चय होत नव्हता.

आम्ही दिल्लीस केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात कारकून आहो. हुद्द्याचे नाव अलीकडे 'वरिष्ठ सचिवालय साहाय्यक' असे भारदस्त झाले आहे, पण जुनी माणसे अजून अपर डिव्हिजन क्लार्क असेच म्हणतात आणि आम्हांसही तेच बरे वाटते. फायली आता कागदाच्या राहिल्या नाहीत. त्या संगणकाच्या पडद्यावरून वर चढतात आणि पूर्वीइतक्याच सावकाश खाली उतरतात. मधल्या सुट्टीत आम्ही चौघे एका टेबलाभोवती डबे उघडून बसतो. निवृत्तीला दोन वर्षे उरलेले एक पंजाबी गृहस्थ आहेत, त्यांचा विषय राजकारण. एक बंगाली बाबू आहेत, त्यांना कोणताही खेळ चालतो. तिसरा एक तमिळ तरुण. अवकाशयानांखेरीज त्याला अन्य वाहनांत रस नाही. चौथे आम्ही. आमचा विषय अद्भुत कादंबऱ्या. उडते ड्रॅगन, जादूच्या तलवारी, बोलणारे वृक्ष! सदतीस वर्षांच्या पदवीधर गृहस्थाने असली पुस्तके वाचावीत हे त्या टेबलावर कोणालाच रुचत नाही. जॉर्ज मार्टिन नामक अमेरिकन लेखकाच्या प्रचंड कादंबरीमालेचा पाचवा भाग २०११ साली निघाला तेव्हा आम्ही नुकतेच पदवीधर होऊन नोकरीच्या परीक्षांना बसत होतो. सहावा भाग २०२५ साल सरले तरी आलेला नव्हता. दरम्यान आमची नोकरी लागली, लग्न झाले, मुलगी शाळेत जाऊ लागली. "तुमच्या लेखकाची फाईल कोणाच्या टेबलावर अडकली आहे?" असे पंजाबी मित्र दर दोन महिन्यांनी विचारतात.

३ नोव्हेंबर २०२५ चा सोमवार आम्हांस नीट आठवतो. आदल्या रात्री नवी मुंबईच्या मैदानावर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला होता. त्या दिवशी डबे निवाले तरी कोणी घास घेईना. बंगाली बाबूंनी शफाली वर्माच्या ८७ धावांची कहाणी टेबलावर बोटांनी आकृत्या काढून सांगितली. ही मुलगी मूळच्या संघात नव्हतीच. प्रतिका रावल ही सलामीची फलंदाज बांगलादेशाविरुद्धच्या सामन्यात घोटा दुखावून बाहेर पडली, म्हणून ऐन उपांत्य सामन्यापूर्वी शफालीला बोलावणे गेले; आणि अंतिम सामन्यात तिने धावा तर काढल्याच, वर दोन गडी बाद केले आणि सामन्यातील सर्वोत्तम खेळाडू ठरली. सारे टेबल धन्य धन्य म्हणत होते. आम्ही मात्र प्रतिकेचा विचार करीत होतो. ती दिल्लीची मुलगी. स्पर्धेत तिने तीनशेंवर धावा केल्या होत्या. विजयोत्सवाला ती चाकांच्या खुर्चीत बसून मैदानावर आली, आणि नियमाप्रमाणे पदके संघातील पंधराजणींनाच असल्याने तिच्या वाट्याचे पदक तेथे नव्हते. पुढे तिलाही ते मिळाल्याचे वाचून आम्हांस हायसे वाटले. पण एक खेळाडू आत आली की दुसरी कोणी तरी बाहेर गेलेली असते, हा हिशेब कोणत्याही विजयोत्सवात मांडला जात नाही.

त्याच आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी, आम्ही घरी आलो तो सौभाग्यवतींनी दारातच ओठांवर बोट ठेवून आम्हांस थांबविले. आमची दहा वर्षांची कन्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजली होती. शाळेच्या खो-खो संघाची यादी लागली होती. बारा नावे होती. नऊ खेळणाऱ्यांची, आणि खाली रेघ ओढून तिघींची. आमच्या कन्येचे नाव बारावे होते.

ही मुलगी खो-खोकडे कशी वळली, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीस खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाला या खेळाचा विश्वचषक म्हणजे आपल्या अंगणातील तुळशीवृंदावन एकाएकी राष्ट्रपति-भवनात दिसावे तसे वाटले. १९ जानेवारीच्या रविवारी आम्ही तिला घेऊन इंदिरा गांधी क्रीडागारात गेलो. दोन्ही अंतिम सामने नेपाळशी होते. मुलींनी ७८-४० असा विजय मिळविला, मुलांनी ५४-३६ असा. मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे, मुलांचा प्रतीक वाईकर. हिंदी भाषिकांनी भरलेल्या त्या प्रचंड वास्तूत ही दोन मराठी नावे ध्वनिक्षेपकावरून घुमू लागली तेव्हा आमचा आमच्यावरील ताबा सुटला. "आम्हीही शाळेच्या संघात होतो बरे!" असे आम्ही मुलीला सांगितले. एवढ्यावर थांबलो असतो तर ते खरे बोलणे ठरले असते. पण ती डोळे विस्फारून पाहू लागली, आणि मग आम्ही खुंटाला वळसा कसा घालावा, सूर कसा मारावा, पाठलाग करणाऱ्याला हुलकावणी कशी द्यावी, हे सारे स्वानुभवाच्या थाटात सांगत सुटलो. दुसऱ्या दिवशी तिने शाळेत खो-खोसाठी नाव दिले.

त्या गुरुवारी रात्री आम्ही तिच्या उशाशी जाऊन बसलो. आमची कन्या आईला 'तू' म्हणते आणि आम्हांस, हिंदीतील 'आप'च्या वळणाने असेल, 'तुम्ही' म्हणते. आम्ही तिची समजूत घालू लागलो. शफालीची गोष्ट तर ताजीच होती. मग तमिळ मित्राकडून ऐकलेली चांद्रयानाची गोष्ट सांगितली. २०१९ च्या सप्टेंबरात, ७ तारखेच्या मध्यरात्रीनंतर, दुसऱ्या चांद्रयानाचा 'विक्रम' चंद्रावर उतरता उतरता कोसळला आणि सारा देश हळहळला. पण त्या यानाचा दुसरा अर्धा भाग, चंद्राभोवती फिरणारा, तसाच फिरत राहिला. वर्षभराच्या आयुष्याचा म्हणून पाठविलेला तो भाग चार वर्षांनंतरही कामावर हजर होता. तिसरे चांद्रयान निघाले तेव्हा त्याच्यासोबत असा नवा फिरता संदेशवाहक पाठविण्याची गरजच पडली नाही. २१ ऑगस्ट २०२३ रोजी त्या जुन्या भागाने नव्या विक्रमाला 'ये मित्रा' अशा अर्थाचा संदेश दिला, आणि २३ तारखेच्या संध्याकाळी नवा विक्रम सुखरूप उतरला. "बघ," आम्ही म्हणालो, "अपयशी म्हणून ज्याला सारे विसरले होते, तोच पाठीशी उभा राहिला."

ती भिंतीकडेच पाहत होती. मग आम्ही आमचे हुकमी पान टाकले. हॅरी पॉटरच्या गोष्टी तिला आम्ही रात्री मराठीतून सांगतो. इंग्रजीत ती त्या आमच्याहून भरभर वाचते, पण मराठीत ऐकताना मधून मधून आमचे शब्द दुरुस्त करण्याचा आनंद तिला हवा असतो. त्याच वर्षीच्या मे महिन्यात या गोष्टींवरील नव्या चित्रमालिकेसाठी तीन मुले निवडल्याची बातमी आली होती, आणि तीस हजारांहून अधिक मुलांनी त्यासाठी चाचणी दिली होती असे वाचून आम्ही दोघे त्या उरलेल्या मुलांविषयी बराच वेळ बोललो होतो. आता आम्ही तिला नेव्हिलची आठवण दिली. पाचव्या पुस्तकात म्हातारे मुख्याध्यापक हॅरीला जे रहस्य सांगतात ते असे की, ती भविष्यवाणी जुलै सरत असता जन्मलेल्या मुलाविषयी होती आणि तशी मुले दोन होती. हॅरी आणि नेव्हिल. दुष्ट जादूगाराने हॅरीला निवडले म्हणून कपाळावरची खूण हॅरीला मिळाली. नेव्हिल हा विसरभोळा, गुबगुबीत, सर्वांच्या हसण्याचा विषय झालेला मुलगा म्हणजे नियतीचा राखीव खेळाडू. "आणि शेवटी त्या नागिणीला तलवारीने कोणी मारले?" आम्ही विजयी मुद्रेने विचारले.

ती उठून बसली. डोळे सुजलेले होते, पण आवाज स्वच्छ होता.

"बाबा, शफालीला खेळायला मिळालं. नेव्हिललाही तलवार मिळाली. तुम्ही सगळ्या मिळालेल्यांच्याच गोष्टी सांगता. ज्यांना मिळालंच नाही त्यांची सांगा ना एखादी."

आम्ही निरुत्तर झालो. तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "जाऊ दे. तुम्हांला नाही कळायचं. तुम्ही तर खेळायचात."

दुसऱ्या दिवशी डबे उघडताना आम्ही तो प्रश्न टेबलावर ठेवला. घरचा संदर्भ अर्थातच सांगितला नाही. तमिळ तरुणाला विचार करावा लागला नाही. त्याने दोन नावे घेतली. १९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले हे शाळेतील पोरही सांगते. त्यांच्याबरोबर रशियात तेच सारे शिक्षण घेऊन, तितकाच सज्ज असलेला दुसरा भारतीय वैमानिक पृथ्वीवरच राहिला. त्याचे नाव रवीश मल्होत्रा. एकेचाळीस वर्षांनी, २५ जून २०२५ रोजी शुभांशु शुक्ला अंतराळ-स्थानकाकडे झेपावले. हे उड्डाण त्यापूर्वी कितीदा तरी पुढे ढकलले गेले होते, आणि त्या सर्व काळात त्यांच्या जागी जाण्यास तयार असा एक अधिकारी होता, प्रशांत बालकृष्णन नायर. "राखीव माणसाची गोष्ट विचित्र असते," तो तरुण म्हणाला. "त्याची पाळी यावी म्हणजे मित्राला ताप यावा. असली इच्छा तो मनात आणू शकत नाही, आणि तिच्यावाचून तयारी तरी कशाच्या बळावर करायची?" चोवीस-पंचवीस वर्षांच्या त्या मुलाच्या तोंडून हे ऐकून आमच्या हातातील घास हातातच राहिला.

बंगाली बाबूंनी मग अमोल मुझुमदारांचे नाव काढले. १९८८ साली मुंबईच्या शालेय सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. ती चालू होती तोवर पुढचा फलंदाज पायांना पॅड बांधून तंबूत बसला होता. तो मुलगा म्हणजे मुझुमदार. पुढे रणजी स्पर्धेतील पहिल्याच सामन्यात त्याने २६० धावा केल्या, सगळ्या मिळून ११,००० हून अधिक केल्या, आणि भारताकडून एकही सामना त्याच्या वाट्यास आला नाही. विश्वचषक जिंकणाऱ्या मुलींचा प्रशिक्षक तोच. "पण तुमच्या अटीत हे बसत नाही," बाबू स्वतःच म्हणाले, "कारण शेवटी चषक हाती आलाच." मग थोडे थांबून, "आला का पण?" असेही म्हणाले.

राजकारणाची पाळी आली तेव्हा पंजाबी मित्रांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांच्या मते राजकारणात राखीव असा कोणी नसतोच. जो तंबूत बसलेला दिसतो तोच सामना चालवितो. २०२४ च्या लोकसभेत ५४३ जागांपैकी सर्वांत मोठ्या पक्षाला २४० मिळाल्या, बहुमताला २७२ लागतात, आणि म्हणून १६ जागांच्या तेलुगु देशमला अन् १२ जागांच्या संयुक्त जनता दलाला एकाएकी अशी किंमत आली की वर्तमानपत्रांची पहिली पाने त्यांना पुरेनात. येथे आम्ही केवळ आकडे देऊन थांबतो. १९६४ च्या आचरण-नियमांतील पाचवा नियम सरकारी नोकराला राजकारणात भाग घेण्यास मनाई करतो, आणि या लेखातील मते आमची आहेत, सरकारची नव्हेत, हेही येथेच नमूद करून ठेवतो. कारकुनाच्या हाताला ही सवय असते.

पण त्या बोलण्यातून आम्हांस आमचाच एक दिवस आठवला. राजकारणात भाग घेण्यास बंदी असली तरी निवडणुकीत राबण्यास नाही. दिल्लीचे मतदान २५ मे २०२४ रोजी होते. आम्हांस दुसरा मतदान-अधिकारी म्हणून हुकूम आला. मतदाराची नोंदवहीत नोंद करावयाची, सही घ्यावयाची, आणि डाव्या हाताच्या तर्जनीवर ती जांभळी शाई लावावयाची. म्हैसूरच्या कारखान्यातून येणारी ही शाई १९६२ पासून देशाच्या बोटांवर आहे. शिकवणीच्या वर्गात आम्ही ती रेघ नखापासून पहिल्या पेरापर्यंत कशी ओढावी हे इतक्या आस्थेने शिकलो की सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, एवढे कुंकू तरी कधी नीट लावलेत का?" आदल्या दिवशी साहित्यवाटपाच्या केंद्रावर गेलो तेव्हा कळले की आमच्या तुकडीपुढे 'राखीव' असा शेरा आहे.

एका शाळेच्या व्हरांड्यात आम्ही दोन दिवस बसलो. उन्हाळा असा की पंख्याखालचा वारा भट्टीतून आल्यासारखा लागे. भिंतीशी पेट्यांत बंद करून ठेवलेली राखीव मतदान-यंत्रे होती आणि बाकांवर आम्ही. दर तासाला एक अधिकारी यादी घेऊन येई. आम्ही सारे पाठ ताठ करीत असू. तो दोन नावे पुकारून निघून जाई. कोणाला तरी घेरी आलेली असे, कोणी वेळेवर पोहोचलेला नसे. दुपारी चारच्या सुमारास अधिकारी पुन्हा आला, त्याने आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "पाणी कुठे आहे?" सहा वाजता मतदान संपले. हजेरीच्या कागदावर सही करून आम्ही घरी आलो. त्या वर्षी देशात ६४ कोटींवर लोकांनी मत दिले असे पुढे वाचले. त्यांपैकी एकाच्याही बोटावरची रेघ आमच्या हातची नव्हती. आमच्या शाईच्या बाटलीचे बूचही उघडले गेले नाही.

सायंकाळी बसच्या गर्दीत उभे असता आमच्या ध्यानी आले की आमची कन्या मागते ती गोष्ट हीच. मिळालेच नाही अशा माणसाची. परंतु ही सांगितली तर तिच्याही मागची, मूळची, सांगावी लागणार होती.

त्या रात्री जेवणे झाल्यावर आम्ही तिला जवळ बोलाविले आणि सांगितले. आम्ही शाळेच्या संघात होतो हे खरे. सातारा जिल्ह्यातील लहानशा गावची शाळा. आठवी, नववी आणि दहावी अशी तीन वर्षे आमचे नाव यादीत होते. तिन्ही वर्षे ते रेघेखाली होते. संघाच्या चपला आणि पाण्याची कळशी सांभाळण्याचे काम आमच्याकडे असे. दहावीत असता साताऱ्याला जिल्ह्याचा सामना होता. आमच्या एका गड्याचा पाय मुरगळला. मास्तर आमच्या दिशेने वळले आणि म्हणाले, "ऊठ रे." आम्ही उठलो. चड्डीची माती झटकली. मैदानाची चुन्याची रेघ ओलांडून तीन पावले आत गेलो. मग लोक हसू लागले. मास्तरांनी आमच्या मागे बसलेल्या मुलाला उठावयास सांगितले होते.

खुंटाचा वळसा, सूर, हुलकावणी, हे सारे आम्ही रेघेबाहेर बसून पाहिलेले होते.

ती बराच वेळ काही बोलली नाही. सौभाग्यवतींच्या हातातील भांडे मोरीत तसेच राहिले होते. लग्नाला बारा वर्षे झाली तरी ही हकीकत त्यांनाही ठाऊक नव्हती.

"तीनच पावलं?" कन्येने विचारले.

"तीन."

"मग परत येऊन बसलात?"

"बसलो. चपला होत्या ना तेथे."

"रडलात?"

"घरी आल्यावर."

तिने मान हलविली. आम्हांस वाटले आता ती आमच्या जानेवारीतील फुशारकीचा हिशेब मागेल. तो तिने मागितला नाही. तिने भलतेच विचारले. "आठवीत नाही घेतलं, नववीत नाही घेतलं. मग दहावीत परत नाव का दिलंत?"

त्याचे उत्तर आम्हांस त्या रात्री सुचले नाही. आजतागायत सुचलेले नाही. खेळाची आवड म्हणावी, तर आवड असणारा मुलगा आळीत खेळतो. आशा म्हणावी, तर ती नववीतच संपली होती. कदाचित सामन्याच्या दिवशी आपणही त्या बसमध्ये असावे एवढेच असेल. रवीश मल्होत्रांना किंवा नायरांना हा प्रश्न कोणी विचारला असता तर त्यांनी काय उत्तर दिले असते, ते ऐकावयास आम्हांस फार आवडले असते. त्यांची पात्रता कोठे आणि आमची चपलांची राखण कोठे, हे जाणून असूनही आवडले असते. टोल्किनच्या कादंबरीत मुद्रिकेचे ओझे वाहणारा फ्रोडो थकून पडतो तेव्हा त्याचा माळी सॅम त्यालाच पाठीवर घेऊन डोंगर चढतो. पहिल्या महायुद्धात पाहिलेल्या साध्या शिपायांवरून आणि अधिकाऱ्यांच्या दिमतीला असणाऱ्या नोकरांवरून आपण सॅम रचला, असे टोल्किनने सांगून ठेवले आहे. सॅम आम्हांस फ्रोडोहून प्रिय आहे. पण कन्येने सॅमलाही लगेच बाद केले असते. त्याला डोंगर तरी चढावयास मिळाला.

पुढे नोव्हेंबर महिन्यात दिल्लीच्या हवेने असे रूप धारण केले की समोरच्या इमारतीची गच्ची दिसेना. शाळांच्या मैदानी स्पर्धा पुढे ढकलल्या गेल्या. रेघेवरच्या नऊजणी आणि खालच्या तिघी अशा बाराही आपापल्या घरी बसल्या, आणि आमच्या घरात काही दिवस, खोटे कशाला बोला, थोडे समाधान नांदले. डिसेंबर तसाच गेला, जानेवारी कडाक्याच्या थंडीत गेला. आता फेब्रुवारीत ऊन पडू लागले आहे आणि स्पर्धेची नवी तारीख फलकावर लागली आहे. यादी तीच आहे. आम्ही भीत भीत विचारले, तेव्हा कन्या म्हणाली, "बारावीच आहे," आणि बुटांचे बंद आवळून सराव करावयास खाली गेली.

आमच्या सरकारी वसाहतीत घरांच्या दोन रांगांमध्ये हिरवळीचा एक पट्टा आहे. तेथे ती रविवारी सकाळी शेजारची मुले गोळा करून खेळते. खो-खोला बसावयास आठ तरी लागतात. तिला पाच मिळाली. गेल्या रविवारी तिने खिडकीखाली उभी राहून आम्हांस हाक मारली. सौभाग्यवतींनी आमच्या हातातील वर्तमानपत्र काढून घेतले.

सदतिसाव्या वर्षी पाय दुमडून, बोटांची टोके जमिनीला टेकवून बसणे ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. आमच्या डाव्या बाजूस दुसरीतला एक सरदार मुलगा होता, उजव्या बाजूस आठवीतली एक मुलगी. आमचे तोंड घरांच्या मागच्या भिंतीकडे होते. तेथे कोणाची तरी चादर वाळत होती. पाठीमागून कन्येच्या पावलांचा आवाज आला, अगदी जवळ, आणि आम्ही श्वास रोखून धरला. "खो!" असा आवाज झाला. डाव्या बाजूचा मुलगा बाणासारखा सुटला. थोड्या वेळाने ती पुन्हा मागून धावत आली. या खेपेस उजवीकडची मुलगी उठली. आमचे गुडघे ठणकत होते. आम्ही बोटे तशीच गवताला टेकवून बसून राहिलो.